साधना कट करू का?

प्रश्न: ताई, बहिणीच्या संगीतला रेट्रो थीम आहे, मला जुन्या सिनेमातल्या साधनासारखा कपाळावर झुलपांचा साधना कट आणि नटी मुमताजसारखी अंगाभोवती घट्ट गुंडाळलेली साडी करायचीये. चेहऱ्याला घरीच मुलतानी मातीत लिंबू पिळून लावलं तर चालेल का?

उत्तर: लिंबू अजिबात नको गं! त्याचा पीएच (हा आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) 2च्या आसपास, त्वचेचा साधारण 5, म्हणजे आग होणारच आणि वर उन्हात गेलीस तर काळे डाग पडू शकतात ते वेगळंच. माती गुलाबपाण्यात कालव, पार तडे जाईपर्यंत ठेवू नकोस, जरा ओलसर असतानाच धुऊन टाक. केस मात्र कापू नकोस बाई, साधनाचं कपाळ रुंद होतं म्हणून तिला ती झुलपं शोभली, एका रात्रीसाठी क्लिपवाली मिळतात ना! साडी जॉर्जेटचीच घे, काठपदराची अंगाभोवती गुंडाळलीस तर नुसती फुगेल.