वाचक विचारतात : घंटांचा अंकपाश

प्रश्न : मुलीकडे इंग्लंडला गेले होते. एका संध्याकाळी जवळच्या चर्चमध्ये दीड तास घंटा वाजत होत्या. लग्न नाही, प्रार्थना नाही, आणि वाजण्याला चालही नाही. काय प्रकार असावा? (एक वाचक, सांगली)

उत्तर : तो सराव होता. याला चेंज रिंगिंग म्हणतात, आणि चाल सापडली नाही याचं कारण ती नसतेच. प्रत्येक घंटेला एक माणूस. सर्वांत हलक्या, उंच सुराच्या घंटेपासून सर्वांत जड घंटेपर्यंत उतरत्या सुरात वाजवून सुरुवात होते. त्याला राउंड्स म्हणतात. मग दर फेरीला क्रम पालटत जायचं, एकही क्रम दुसऱ्यांदा येऊ द्यायचा नाही आणि शेवटी परत राउंड्सवर यायचं. समोर कागद ठेवायचा नाही, सगळं डोक्यात. वाजवणारे सगळे श्रद्धाळू असतात असंही नाही. कित्येकांचा देवाशी संबंध मनोऱ्याच्या जिन्यापुरताच.

प्रश्न : मनाला येईल तसा क्रम का पालटत नाहीत? चार घंटांवर समजावून सांगाल का? (गणिताचे निवृत्त शिक्षक, जळगाव)

उत्तर : कारण वजन. आपल्या देवळातली घंटा जागेवर टांगलेली असते, आपण लोलक हलवतो. इथे घंटाच मोठ्या लाकडी चाकाला जोडलेली असते आणि दर ओढीला तोंड वर ते तोंड वर असा जवळजवळ पूर्ण गोल फिरते. लिव्हरपूल कॅथीड्रलमधली अशी फिरवून वाजवायची सर्वांत जड घंटा चार टनांच्या वर आहे. असलं धूड फिरत असताना ते थोडं लवकर किंवा थोडं उशिरा परतवता येतं, बस. म्हणून पुढच्या फेरीत घंटा फार तर शेजारच्या जागेवर सरकते, नाहीतर आहे तिथेच राहते. या खेळाचं सगळं गणित या अडचणीतून निघालं आहे.

आता चार घंटा घ्या. एकदा दोन्ही जोड्या पालटायच्या, एकदा फक्त मधली :

१२३४, २१४३, २४१३, ४२३१, ४३२१, ३४१२, ३१४२, १३२४.

यात १ नंबरची घंटा पुढून मागे जाते, मागे दोनदा वाजते आणि पुढे परतते. इथे पुन्हा मधली जोडी पालटली तर १२३४ येऊन आठ क्रमांतच खेळ संपेल. म्हणून १ पुढे आली की मधलीऐवजी शेवटची जोडी पालटायची : १३२४ नंतर १३४२. तिथून तेच आठ टप्पे केले की १४२३, आणखी आठ केले की १२३४. तीन आठे चोवीस, चार घंटांचे सगळे क्रम संपले. या रचनेचं नाव प्लेन बॉब मिनिमस.

नवशिक्या हे आकडे पाठ करतो आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीत अडकतो. आकडे नाही, आपल्या घंटेची वाट पाठ करायची. वहीत सगळ्या ओळी एकाखाली एक लिहा आणि आपल्या घंटेवरून निळ्या पेनाने रेघ ओढत खाली या. ती रेघच लक्षात ठेवायची असते.

हा हिशेब आपल्याला परका नाही. विष्णूच्या चार हातांतले शंख, चक्र, गदा, पद्म पालटून किती मूर्ती होतील, हे भास्कराचार्यांनी ‘लीलावती’च्या अंकपाशात, म्हणजे क्रम मोजण्याच्या प्रकरणात, सांगितलंय : २४. संध्येतली केशव-नारायणादी चोवीस नावं याच मूर्तींची. फरक इतकाच, की शंख पहिल्या हातातून थेट चौथ्या हातात देता येतो. घंटेला ते जमत नाही.

प्रश्न : लेस्टरमध्ये शिकते. चर्चबाहेर ‘शिकायला या’ अशी पाटी आहे. ताकद लागते का? धोका आहे का? (एक विद्यार्थिनी)

उत्तर : ताकदीपेक्षा वेळ साधणं महत्त्वाचं. एकटीने घंटा सांभाळायला साधारण १० ते १५ तासांचं शिक्षण लागतं, तेही शिकवणारा शेजारी उभा असताना.

दोराच्या मधल्या भागात लोकरीचा जाड, रंगीत पट्टा असतो, त्याला सॅली म्हणतात. एक ओढ सॅली धरून, पुढची दोराचं टोक धरून. ओढ झाली की सॅली सोडायची, टोक मात्र हातातच ठेवायचं. नवशिक्याच्या चुका बहुधा दोनच : सॅली उशिरा सोडणं, आणि गरजेपेक्षा जोरात ओढणं. जोरात ओढलं की तोंड वर करून थांबणारी घंटा पलीकडे कलंडू पाहते. तिला अडवायला ॲश लाकडाचा एक दांडा असतो, स्टे. मोठं नुकसान टळावं म्हणून तो मुद्दामच मोडण्याजोगा ठेवतात. स्टे मोडला की दोर झपाट्याने वर जातो, आणि धरून राहिलेला माणूसही. त्यामुळे काहीही बिनसलं तर शिकवणारा म्हणेल तेव्हा दोर सोडून बाजूला व्हायचं. ‘मी सावरते’ हा शहाणपणा इथे नको. तोंड वर करून ठेवलेल्या घंटेच्या दोराला सहज म्हणून हात लावणं तर त्याहून वाईट.

दमट हवेत नैसर्गिक धाग्याचा दोर आखडतो. कालपर्यंत बरोबर असलेलं टोक आज हातात तोकडं पडतं. उंची कमी असेल तर पायाखाली लाकडी खोकं मागून घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

प्रश्न : यात मिळतं काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : रोकड काही नाही. सात घंटांचे सगळे क्रम ५०४० होतात, वाजवायला सुमारे तीन तास लागतात. याला पील म्हणतात. मध्ये बदली माणूस चालत नाही. तिसऱ्या तासाला एकजण चुकला आणि क्रम सावरता आला नाही, तर आधीचं सगळं वाया. कोणी नोंदही करत नाही. जमलं तर कधी मनोऱ्यात त्या पीलच्या नोंदीची फळी लागते. नॉर्विचच्या सेंट पीटर मॅनक्रॉफ्टमध्ये २ मे १७१५ रोजी वाजलेली पील ही अशी पहिली बिनचूक पील मानतात.

आठ घंटांचे ४०,३२० क्रम होतात. ते १९६३च्या जुलैमध्ये लाफबरोच्या घंटांच्या कारखान्यात आठजणांनी एका बैठकीत वाजवले. जवळजवळ १८ तास लागले, आणि आठांपैकी एकालाही उठता आलं नाही. बाहेर उभं राहून ऐकणाऱ्याला यात फारसं काही कळत नाही. आनंद आतल्यांचाच.

प्रश्न : भारतात अशा घंटा आहेत का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : पुण्यात आहेत. गुरुवार पेठेत, चहाच्या प्रकरणामुळे आपल्याला ठाऊक असलेल्या पंचहौदला, पवित्र नाम देवालयाच्या मनोऱ्यात आठ घंटांचा असा संच आहे. नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेची गोष्ट वेगळी. ती जागेवर टांगलेली आहे, चाकावर फिरणारी नाही.