वाचकांचे प्रश्न : रूप जुनं, खटके नवे

प्रश्न : १९११ पिस्तुलाच्या आजच्या प्रतिकृतींत ‘सिरीज ७०’ आणि ‘सिरीज ८०’ असे प्रकार सांगतात. बाहेरून दोन्ही सारखीच. फरक नेमका कुठे? (एक नेमबाज, राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : स्लाइडच्या, म्हणजे वरच्या सरकत्या भागाच्या, पोटात. मूळ रचनेत, म्हणजे सिरीज ७० मध्ये, अंगठ्याची सेफ्टी सिअर (हॅमर धरून ठेवणारा खटका) अडवते, मुठीमागची ग्रिप सेफ्टी ट्रिगर अडवते. काडतुसावर टोला देणाऱ्या फायरिंग पिनला मात्र तिच्या स्प्रिंगशिवाय कुणीच धरलेलं नसतं. भरलेलं पिस्तूल नळीवर आपटलं आणि स्प्रिंग थकलेली असली, तर दोन्ही सेफ्टी लावूनही पिन झटक्याने पुढे जाऊन बार उडू शकतो.

कोल्टने १९८३ मध्ये सिरीज ८० आणली. तिच्यात एक प्लंजर (स्प्रिंगवरची छोटी खुंटी) पिन रोखून धरतो. ट्रिगर ओढला की फ्रेममधल्या दोन छोट्या पट्ट्या तो वर उचलतात. पट्ट्या झिजल्या की प्लंजर उशिरा उठतो, पिन अडखळते, काडतुसाच्या बुडातल्या प्रायमरवर टोला हलका बसतो. जोडताना पट्ट्या राहिल्याच, तर पिस्तूल उडतच नाही. ट्रिगर खरबरीत लागतो ही तक्रार जुनी आहे, पण नीट घासून बसवलेल्या पिस्तुलात ती फारशी जाणवत नाही.

किंबर कंपनीच्या ‘टू’ मालिकेत हाच प्लंजर ग्रिप सेफ्टीवर चालतो. त्यात स्लाइड चढवताना मूठ आवळू नका, वर आलेला खटका स्लाइडला अडकून मोडतो. स्प्रिंगफील्ड कंपनीने प्लंजर टाळून टायटॅनियमची हलकी पिन आणि कडक स्प्रिंग दिली. आम्हाला हाच मार्ग सरळ वाटतो, मात्र स्प्रिंग वेळेवर बदलायला हवी.

प्रश्न : फौजेतलं ९ एमएम १ए पिस्तूल मॅगझिन काढलं की उडत नसे. नव्या प्रतिकृतीत ती सोय काढली म्हणे. का? (निवृत्त सुभेदार, गडहिंग्लज)

उत्तर : इशापूरचं १ए म्हणजे ब्राउनिंग हाय-पॉवरच. त्यातला मॅगझिन-खटका मॅगझिनच्या अंगावर घासतो. ट्रिगर जड होतो आणि मॅगझिन आपसूक खाली पडत नाही. २०२१ च्या स्प्रिंगफील्ड एसए-३५ या हाय-पॉवरच्या प्रतिकृतीत म्हणूनच तो नाही. हॅमरचा आकारही बदलला, जेणेकरून अंगठ्याजवळची कातडी चिमटू नये. (९ एमएम आपल्याकडे प्रतिबंधित बोअर आहे, साध्या परवान्यावर मिळत नाही.)

खटका असो वा नसो, क्रम एकच : आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे, मग चेंबर डोळ्यांनी पाहा आणि बोटाने चाचपा. आधी स्लाइड ओढली तर मॅगझिनमधली नवी गोळी चेंबरमध्ये चढते. नंतर मॅगझिन काढलं तरी ती तिथेच राहते.

प्रश्न : काही टोकारेव्ह पिस्तुलांवर सेफ्टी दिसते. मुळात होती का? (वाचक, इचलकरंजी)

उत्तर : नाही. मूळ टोकारेव्हला, म्हणजे टीटी-३३ ला, हॅमर अर्ध्यावर अडकवणारी खाच एवढीच सेफ्टी. अमेरिकेत १९६८ च्या कायद्यानंतर आयात पिस्तुलांना सुरक्षेचे गुण मिळवावे लागतात, म्हणून ही नंतर बसवली. अनेक प्रतींत ती फक्त ट्रिगर अडवते, हॅमर किंवा पिन नाही. तेव्हा तिच्या भरवशावर चेंबर भरून ठेवू नका.