वाचकांचे प्रश्न : आपल्या गावातील कॉफीची दुकाने आणि गिऱ्हाईक

आपापल्या गावातील लहान, स्वतंत्र कॉफीच्या दुकानांत आलेले बरेवाईट अनुभव कळवावेत, असे आवाहन आम्ही मागील अंकात केले होते. मोठ्या साखळी कंपन्यांची दुकाने त्यातून मुद्दाम वगळली होती, कारण तेथील गाऱ्हाणे ऐकून घेणारी यंत्रणा वेगळी असते. लहान दुकानात मात्र कॉफी करणारा, पैसे घेणारा आणि बोलणी खाणारा बहुधा एकच माणूस असतो. आलेल्या पत्रांपैकी ज्यांचा उपयोग अनेकांना होईल अशी पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची आणि दुकानांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : लातूरला औसा रोडवर एका तरुणाने स्वतःच्या हिमतीवर कॉफीचे दुकान काढले आहे. मी आणि माझे यजमान तेथे आठवड्यातून एकदोनदा जातो. कॉफी एखाद्या दिवशी फारच छान लागते, पुढच्या वेळी आंबट लागते, तर कधी कडूजहर. एका कपाला एकशे चाळीस रुपये मोजतो. विचारले तर “काकू, ही कॉफी अशीच असते” असे उत्तर मिळते. आमची जीभ अडाणी आहे, की आम्हाला फसवले जात आहे? — एक वाचिका, लातूर

उत्तर : आपली जीभ अडाणी मुळीच नाही, आणि तो मुलगा फसवतो आहे असे म्हणण्यासही आपल्या पत्रात आधार दिसत नाही. त्याचे उत्तर मात्र अर्धेच खरे आहे. हलक्या भाजणीच्या अरेबिका जातीच्या बियांची कॉफी किंचित आंबटसर असते आणि तो तिचा गुणच मानला जातो. परंतु तसे असेल तर ती दर खेपेला सारखीच आंबटसर लागली पाहिजे. आज आंबट आणि परवा कडू, हा बियांचा स्वभाव नसून करण्यातील चूक आहे.

यंत्रावरच्या एस्प्रेसोचे साधारण गणित असे, की अठरा ग्रॅमच्या आसपास दळलेल्या कॉफीतून ९० ते ९६ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी सुमारे नऊ बार दाबाने ढकलले जाते आणि पंचवीस ते तीस सेकंदांत छत्तीसेक ग्रॅम अर्क खाली उतरतो. दळण जाडसर राहिले तर पाणी पंधरा सेकंदांतच भुर्रकन निघून जाते आणि कॉफी आंबट व पाणचट लागते; दळण फार बारीक झाले तर अर्क थेंबथेंब ठिबकतो आणि कडवट होतो. बिया जुन्या झाल्या, हवा दमट किंवा कोरडी झाली, की कालचे दळण आज चालत नाही. म्हणून चांगला कारागीर सकाळी दुकान उघडल्यावर पहिले एकदोन कप स्वतः चाखून टाकून देतो आणि दळणयंत्राची चकती जुळवून घेतो. ज्या दुकानात मालक दुपारनंतर येतो आणि सकाळी नवा पोरगा उभा असतो, तेथे हे होत नाही.

दुसरे कारण पाण्याचे आहे, आणि ते मराठवाड्यात विशेष लागू पडते. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातील बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत सूट आहे. पण कॉफीसाठी याहून बरेच मऊ पाणी लागते. फार क्षारांच्या पाण्यात कॉफीचा आंबटगोडपणा मरतो आणि चव खडूसारखी सपाट होते, शिवाय यंत्राच्या बॉयलरमध्ये क्षारांची खपली धरते ती वेगळीच. यावर उपाय म्हणून थेट आरओचे पाणी वापरावे, तर त्यात क्षार इतके कमी उरतात की कॉफी पातळ आणि टोचरी लागते. जाणकार दुकानदार दोन्हींचे मिश्रण करतो. ज्या लातूरने २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी येताना पाहिले, त्या लातुरात नळ, बोअर आणि टँकर असे पाणी आलटूनपालटून वापरणाऱ्या दुकानात चव बदलली तर त्यात नवल नाही.

तिसरे कारण थोडे आपल्याकडेही आहे. दूध साधारण साठ ते पासष्ट अंशांपर्यंत तापवले तर त्याची अंगची गोडी टिकते; सत्तरच्या पुढे गेले की त्याला करपट वास येऊ लागतो. आपल्याकडे बहुतेक गिऱ्हाइके “एकदम कडक गरम दे रे” असे सांगतात, पोरगा वाफेची नळी दुधात तशीच धरून ठेवतो, आणि मग कॉफी कडू झाली अशी तक्रार येते.

आपण इतकेच करावे, की दोन घोटांतच चव बिघडलेली वाटली तर कप रिकामा करून नंतर नाराजी सांगण्याऐवजी त्याच वेळी गल्ल्यावर जाऊन सांगावे. आणि नुसते “बरोबर नाही” न म्हणता “आंबट आहे” किंवा “कडू आहे” असे स्पष्ट सांगावे. त्या एका शब्दावरून करणाऱ्याला चकती कोणत्या बाजूला फिरवायची हे कळते. कुरकुर न करता दुसरा कप करून देणारे दुकान जपण्यासारखे आहे. तीनदा सांगूनही “अशीच असते” हेच उत्तर आले, तर लातुरात दुसरी दुकानेही आहेत.

प्रश्न : छत्रपती संभाजीनगर येथील एका लहान कॅफेत आम्ही एकशे ऐंशी रुपयांच्या दोन कॉफी घेतल्या. बिलात दहा टक्के ‘सर्व्हिस चार्ज’ आणि त्यावर पाच टक्के जीएसटी लावून ४१५ रुपये ८० पैसे घेतले. मित्र म्हणाला, एवढ्याशा रकमेसाठी वाद घालू नये. नियम काय आहे? — एक वाचक, सिडको

उत्तर : वाद घालू नये हे ठीक आहे, परंतु सर्व्हिस चार्ज म्हणजे सेवाशुल्क देण्याचे बंधन आपल्यावर नव्हते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार कोणत्याही हॉटेल किंवा उपाहारगृहाला सेवाशुल्क बिलात आपोआप धरता येत नाही, दुसऱ्या नावाखाली वसूल करता येत नाही आणि ते न देणाऱ्याला प्रवेश किंवा सेवा नाकारता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी या सूचना वैध ठरविल्या. ग्राहकाने खूश होऊन स्वतःहून काही ठेवले तर तो त्याचा प्रश्न. आपल्या बाबतीत ३६० रुपयांवर पाच टक्के कर म्हणजे १८ रुपये मिळून ३७८ रुपये व्हायला हवे होते. ३७ रुपये ८० पैसे जास्त गेले, आणि त्यात सेवाशुल्कावर लावलेला करही आला.

लहान दुकानांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट तपासण्यासारखी असते, आणि ती सेवाशुल्कापेक्षा अधिक वेळा दुर्लक्षित राहते. ज्या दुकानदाराने जीएसटीची नोंदणीच केलेली नाही, किंवा जो कंपोझिशन योजनेत (लहान व्यावसायिकांनी उलाढालीवर ठरलेल्या दराने कर भरण्याची सोपी योजना) आहे, त्याला ग्राहकाकडून कर वेगळा घेण्याचा अधिकार नाही. कंपोझिशनवाल्याने आपल्या बिलावर तसा उल्लेख करायचा असतो आणि कर स्वतःच्या खिशातून भरायचा असतो. तेव्हा बिलावर जीएसटी लावलेला असेल तर त्यावर पंधरा अक्षरांकांचा क्रमांक आहे का ते पाहावे. महाराष्ट्रातील क्रमांक २७ पासून सुरू होतो आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की दुकान कोणत्या प्रकारात नोंदलेले आहे ते दिसते. तसेच १ जानेवारी २०२२ पासून बिलावर अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा अंकी क्रमांकही छापणे आवश्यक आहे.

प्रथम मालकाला शांतपणे सांगून शुल्क वगळून घ्यावे. पुष्कळदा बिलाचे सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्याने ती ओळ टाकलेली असते आणि मालकाने ती काढायची तसदी घेतलेली नसते. तो ऐकत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते आणि तेथे मराठीतून बोलता येते. त्याही पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. वस्तू किंवा सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तेथे शुल्क लागत नाही आणि तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत आहे. अडतीस रुपयांसाठी इतके कोणी करणार नाही हे दुकानदारालाही ठाऊक असते. म्हणूनच बिल हातात पडताच, पैसे देण्यापूर्वी बोलणे सर्वांत स्वस्त पडते.

प्रश्न : बिल करताना मोबाइल क्रमांक दिलाच पाहिजे का? आणि वीस रुपये छापलेल्या पाण्याच्या बाटलीचे चाळीस रुपये घेता येतात का? — एक वाचक, परभणी

उत्तर : क्रमांक देणे बंधनकारक नाही. क्रमांकाशिवाय बिलच करणार नाही असा हट्ट दुकानदारांनी धरू नये, असे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये बजावले आहे. बाटलीचे उत्तर मात्र आपल्याला आवडणार नाही. बसण्याची व्यवस्था आणि सेवा पुरविणाऱ्या उपाहारगृहांना छापील किमतीपेक्षा जास्त दर घेता येतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७ चा निर्णय आहे. सुटका एकच : बाटली आणण्याआधी साधे पाणी मागावे.

प्रश्न : मी प्रश्न विचारणारा ग्राहक नसून दुकानदार आहे. नांदेडमध्ये माझे सहा टेबलांचे कॉफीचे दुकान आहे. स्पर्धा परीक्षांची मुले एक कॉफी घेऊन दुपारी तीनपासून रात्रीपर्यंत बसतात, एसी आणि वायफाय वापरतात. उठा म्हटले तर “आम्ही पैसे दिले आहेत” म्हणतात. मी काय करावे? — एक वाचक, नांदेड

उत्तर : कॉफीच्या पैशांत जागेचे भाडे किती वेळाचे, हे आपण कोठेही लिहिलेले नसेल तर त्या मुलांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. आपल्या दुकानात बसण्याची वेळ किंवा किमान खरेदी ठरविण्याचा अधिकार आपल्याला आहे. अट एवढीच, की ती ऑर्डर घेण्यापूर्वी ग्राहकाला दिसली पाहिजे आणि सर्वांना सारखी लागू झाली पाहिजे. मेनूकार्डावर आणि गल्ल्याशी “गर्दीच्या वेळी एका ऑर्डरवर दीड तास” अशी ठळक पाटी लावावी. पाहुणे आल्यावर त्यांना बसू द्यायचे आणि त्या मुलांना उठवायचे, असे केल्यास पाटीचा काही उपयोग राहणार नाही.

आमचे आणखी एक मत आहे, ते पटले तर पाहावे. दुपारी तीन ते पाच आपल्याकडे उन्हामुळे दुकाने तशीही ओस असतात. तेवढा वेळ त्या मुलांसाठी मोकळा ठेवून संध्याकाळी सहानंतर नियम कडक केला, तर त्यांनाही बोलायला जागा राहत नाही आणि आपलेही फारसे नुकसान होत नाही. वायफायचा संकेतशब्द बिलावर छापून तो ठराविक वेळाने बदलावा. त्यामुळे “उठा” हा शब्द तोंडातून काढावा लागत नाही.

प्रश्न : माझी मुलगी अकरावीला आहे. मैत्रिणींबरोबर ‘कॅफे’त जाते म्हणाली की माझ्या पोटात गोळा येतो. आमच्या तालुक्याच्या गावी कॅफे या शब्दालाच वाईट वास लागला आहे. तिला जाऊ द्यावे का? — एक आई, बीड जिल्हा

उत्तर : आपली काळजी निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. पडदे आणि प्लायवूडचे आडोसे लावून तासाच्या दराने जागा देणाऱ्या, नावापुरत्या कॅफेंवर पोलिसांनी कारवाई केल्याच्या बातम्या मराठवाड्यासह राज्याच्या अनेक भागांतून येत असतात. या धंद्याने खरोखर कॉफी विकणाऱ्यांचेही नाव खराब केले, हे त्यांच्यापैकी काहींनी आम्हाला पत्रातून कळविले आहे आणि त्यांची चीड रास्त आहे. असे असले तरी कॉफी पिण्यासाठी चार मैत्रिणींनी एकत्र बसणे यात गैर काहीच नाही.

आपण एकदा स्वतः त्या दुकानात जाऊन कॉफी घ्यावी, हे सर्वांत सरळ. रस्त्यावरून आतले टेबल दिसते का, मेनूकार्डावर खरोखर काही खाण्यापिण्याचे आहे का, अन्नसुरक्षा नोंदणीचे प्रमाणपत्र भिंतीवर लावलेले आहे का, दर कपाचा आहे की तासाचा, आणि आपण बसल्यावर मालकाच्या चेहऱ्यावर अवघडलेपण येते का, एवढे पाहिले तरी पुरे. मुलीला बंदी केली तर ती जायची थांबेल असे नाही, फक्त सांगायची थांबेल. कोठे जावे आणि कोठे नाही, हे ठरविताना तिलाच बरोबर न्यावे.

प्रश्न : जालन्यातील एका कॅफेत थंड कॉफी आणि शिळा ब्रेड मिळाला. मी नकाशावरील त्या दुकानाच्या पानावर एक तारा देऊन खरे ते लिहिले. दुसऱ्या दिवशी मालकाचा फोन आला, “काढून टाका, नाहीतर बदनामीचा दावा करतो.” मी काढावे का? — एक वाचक, जालना

उत्तर : आपण लिहिलेला मजकूर पत्रासोबत पाठविला ते बरे केले. “कॉफी कोमट होती, सांगितल्यावर बदलून दिली नाही, ब्रेड कडक झाला होता” हा आपला अनुभव आहे आणि तो प्रामाणिकपणे मांडण्यास कायद्याची आडकाठी नाही. मात्र शेवटचे वाक्य, “मालक लोकांना विष खाऊ घालतो”, हे अनुभवाचे कथन नसून आरोप आहे, आणि तो सिद्ध करणे आपल्याला जड जाईल. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामीची तरतूद आहे. सद्भावनेने केलेल्या रास्त टीकेला त्यात अपवाद आहेत, पण ते त्या वाक्याला लागू होतील असे आम्हाला वाटत नाही. तेवढे वाक्य आजच काढावे, बाकीचे राहू द्यावे, आणि भेटीची तारीख त्यात घालावी.

एक तारा देण्याआधी आपण गल्ल्यावर किती बोललात, हे पत्रावरून स्पष्ट होत नाही. लहान दुकानाच्या पानावर जेमतेम तीसचाळीस अभिप्राय असतात, त्यामुळे एका ताऱ्याने त्याची सरासरी एकदम खाली येते. मोठ्या साखळीला तो ओरखडाही नसतो. मालकाची धमकी मात्र यामुळे क्षम्य ठरत नाही. त्याचा पुन्हा फोन आल्यास आपण वाक्य दुरुस्त केले आहे एवढे सांगून उर्वरित उत्तर त्याने त्याच पानावर लिहावे असे सुचवावे; दुकानदाराला तशी सोय तेथे असते. आपला मोबाइल क्रमांक त्याला बिलावरून मिळाला असेल, तर बिलासाठी दिलेला क्रमांक धमकीसाठी वापरल्याबद्दल आपण त्याला जाब विचारू शकता. बिल, छायाचित्रे आणि फोनच्या वेळेची नोंद तोवर जपून ठेवावी.