सुनावणीला जावं, की बहिष्कार टाकावा?

प्रश्न : आमच्या गावाला लागूनच कोळशावरचं वीज केंद्र आहे. तिथं आणखी दोन संच यायचे आहेत म्हणून पर्यावरणाची जनसुनावणी लागली आहे. आहे त्या राखेनंच आम्ही बेजार झालो आहोत. वारा सुटला की राखेच्या तळ्यावरून लोट येतात, गच्चीवर वाळवण घालायची सोय राहिली नाही. कापूस भुरा पडतो आणि व्यापारी ‘माल मळका आहे’ म्हणून भाव पाडतो. गावातली तरुण पोरं म्हणतात, सुनावणी म्हणजे नाटक. बहिष्कार टाकू, नाहीतर उधळून लावू. माझा मोठा मुलगा त्याच केंद्रात ठेकेदाराकडे कामाला आहे. ठेकेदारानं त्याला ऐकवलं, ‘बापानं माईक हातात घेतला तर गेटपास विसर.’ मी काय करावं?
— एक शेतकरी वाचक, विदर्भ

उत्तर : भाऊ, पोरांचं अगदीच चूक नाही. माझी सगळी नोकरी औष्णिक केंद्राच्या राख हाताळणी विभागात गेली, त्यामुळे असल्या मंडपात मी टेबलाच्या पलीकडे बसलेलो आहे. पुढच्या रांगा सकाळीच कुणी भरल्या, जेवणाची पाकिटं कुणाच्या हातात गेली, सगळं पाहिलं आहे. तरीही सांगतो, जा.

कारण नियमातच आहे. 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार या सुनावणीला गणसंख्येची अट नाही. मंडप रिकामा राहिला तरी सुनावणी झाली असंच धरतात. आणि उधळून लावली तर? ‘स्थानिक परिस्थितीमुळे सुनावणी घेणं शक्य नाही’ असा अहवाल वर जातो आणि मग सुनावणीशिवायच पुढं जायची मुभा मिळू शकते. म्हणजे बहिष्कार टाका नाहीतर खुर्च्या फेका, फायदा त्यांचाच.

सुनावणीत मतदान नसतं, हेही पोरांना सांगा. हजार लोकांनी ‘विरोध आहे’ म्हणून हात वर केले तरी प्रकल्प त्यानं अडत नाही. अडतो, किंवा निदान आवळला जातो, तो कागदावर आलेल्या मुद्द्यानं. डहाणूचं पाहा. तिथल्या 500 मेगावॉटच्या केंद्राविरुद्ध बागायतदार आणि पर्यावरणवाले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 1991 मध्ये न्यायालयानं प्रकल्प रोखला नाही. पण धुरातला गंधक धुऊन काढणारी यंत्रणा बसवायची अट परवानगीत होती आणि ती पूर्ण विचार केल्याशिवाय शिथिल करू नका, असं न्यायालयानं बजावलं. लोकांनी तीच अट धरून ठेवली. 1996 मध्ये न्यायालयाच्याच आदेशानं न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणूसाठी वेगळं प्राधिकरण आलं, 1999 मध्ये त्यानं यंत्रणा बसवायला फर्मावलं, आणि प्रत्यक्षात ती चालू झाली 2007 मध्ये! चिकाटी म्हणतात ती ही. अट मुळात कागदावरच नसती तर धरून काय बसले असते?

तेव्हा तुमचं म्हणणं असं लिहा की त्याची अट होऊ शकेल. ‘प्रदूषण होतं’ हे वाक्य आमच्या फाइलीत शेकड्यानं पडलेलं असायचं, त्याला उत्तरही छापील असायचं : ‘सर्व मानकांचे पालन केले जाईल.’ त्याऐवजी राखेवर बोट ठेवा. 660 मेगावॉटचा एक संच पूर्ण भारानं चालला तर दिवसाला साधारण दहा हजार टन कोळसा खातो. आपल्याकडच्या कोळशात तिसरा हिस्सा, कधी जास्तच, राख असते. म्हणजे एका संचाची रोजची तीनेक हजार टन राख. तुमच्याकडे असे दोन येणार असतील तर दुप्पट धरा. ही राख जाणार कुठं? आहे त्या तळ्यात किती जागा उरली आहे? बंधाऱ्याची उंची वाढवणार का, आणि तो फुटला तर पाणी कुणाच्या शेतात उतरेल? तळ्याचा वरचा थर उन्हाळ्यात ओला ठेवायला पाणी कुठून आणणार? (हा शेवटचा प्रश्न विचाराच. ज्या दिवसांत राख उडते, त्याच दिवसांत पाणी नसतं. आमच्याकडे दर मे महिन्यात ही बोंब असायची.) गंधकाचंही लेखी विचारा. 2015 च्या मानकांमुळे ही यंत्रणा बसवणं बहुतेक केंद्रांना भाग होतं, पण जुलै 2025 मध्ये केंद्र सरकारनं त्यातल्या बहुतेकांना सूट दिली. या दोन संचांना ती यंत्रणा बसणार की नाही, हे त्यांच्याच तोंडून वदवून घ्या.

पुरावा घरातूनच न्या. कापसाच्या पावतीवर व्यापाऱ्यानं ‘मळका’ असं लिहिलं असेल तर ती पावती सोन्यासारखी जपा. विहिरीचं पाणी तपासून घ्या. प्रकल्पाच्या अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत आधीच ठेवावा लागतो. तो आणून त्यात तुमच्या गावाचं नाव, ओढा, शाळा आहे का ते पोरांना शोधायला लावा. त्यांच्या रागाला तेवढं तरी काम मिळेल.

आता मुलाचं. माईक तुम्हीच हातात घ्यायला पाहिजे असं कुठं आहे? लेखी हरकत सुनावणीच्या आधी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे देता येते. त्याहून बरं म्हणजे हेच सगळे प्रश्न ग्रामसभेच्या ठरावात घाला. ठराव गावाचा असतो, त्यात कुणा एकाच्या बापाचं नाव नसतं. वाचून दाखवायला बचत गटातली एखादी खणखणीत आवाजाची बाई उभी करा, जिच्या घरातलं कुणी केंद्रात कामाला नाही. ठेकेदाराला घाबरू नका असं मी इथं बसून म्हणणार नाही. गेटपास कसा बंद होतो ते मला माहीत आहे. ठरावाची पोच मात्र शिक्का मारूनच घ्या.

आणि सुनावणी संपेपर्यंत उठू नका. शेवटी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यांसमोर इतिवृत्त मराठीत वाचून दाखवावं लागतं आणि त्याच दिवशी त्यावर सही होते. तोवर दुपार टळलेली असते, लोक घरी गेलेले असतात. तुमचे चार-पाच जण ठरावाची प्रत घेऊन तिथंच बसू द्या. एखादा मुद्दा गाळलेला दिसला तर सही व्हायच्या आत उभं राहून सांगा. चित्रीकरण चालू असतंच.