वर्गातला वादविवाद भांडणावर जातो, काय करू?

प्रश्न: ताई, मी आठवी-नववीला नागरिकशास्त्र शिकवते. 'लोकशाही की हुकूमशाही' असा वादविवाद ठेवला की तेच चार-पाच जण बोलतात, घरी ऐकलेल्या पक्षांच्या घोषणा सुरू होतात, आरडाओरडा होतो आणि बाकीचे गप्प. बंदच करून टाकू का?

उत्तर: अजिबात नको, आधी विषय बदला. तुमच्या विषयाचं 'बरोबर' उत्तर मुलांना आधीच पाठ असतं, त्यामुळे मुद्दे दोन मिनिटांत संपतात आणि मग फक्त आवाज चढतो. त्यापेक्षा 'मताचा हक्क १६ व्या वर्षी द्यावा का' घ्या. ऑस्ट्रियाने २००७ मध्ये तो दिलाय, ब्राझीलमध्ये १६-१७ च्या मुलांना मत देता येतं पण सक्ती नाही, भारतात १९८९ मध्ये वय २१ वरून १८ वर आलं, म्हणजे दोन्ही बाजूंना धरायला काहीतरी आहे.

बाजू चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि अर्ध्या तासात उलटवा, मग पक्षाच्या घोषणा आपोआप गळतात कारण कुणालाच आपली बाजू कायमची नसते. गप्प मुलांसाठी पहिली पाच मिनिटं फक्त लिहायची, मग शेजाऱ्याशी बोलायचं, मग वर्गात.

आणि एक नियम मात्र सोडू नका, उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं आणि त्याने "हो, हेच" म्हटल्यावरच पुढे. समजा एकजण म्हणाला, "सोळाव्या वर्षी मुलं घरचे सांगतील त्यालाच मत देतील", तर दुसरी लगेच उसळते, "म्हणजे आम्हाला अक्कल नाही?" तिला थांबवा, तो नक्की काय म्हणाला ते सांगायला लावा. ते सांगता सांगताच तिला खरं उत्तर सुचतं, की घरच्यांचं ऐकून मत मोठी माणसंही देतात, त्यांचा हक्क कुठे काढतो आपण? इथे वाद खरा सुरू होतो, आणि हे ऐकायला मला मनापासून आवडतं.

सुरुवातीला आणि शेवटी गुप्त मतदान घ्या, जिंकलं-हरलं जाहीर करू नका, फक्त ज्यांचं मत बदललं त्यांना सांगायचं असेल तर कोणत्या मुद्द्याने बदललं ते विचारा.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा. वर्गातल्या एखाद्या मुलाला आपला धर्म, जात किंवा आपण इथलेच आहोत हे सिद्ध करत उभं राहावं लागेल असा विषय कधीही ठेवू नका, मुलांनी कितीही हट्ट केला तरी.