पॉलिमर सोलर सेलच्या आतली नॅनो रचना बघायला एएफएमची (अणुबल सूक्ष्मदर्शकाची) इमेज पुरते का?

नाही पुरत. तुम्ही लिहिलंय की कोल्हापुरात एमएस्सीचा प्रोजेक्ट चालू आहे, पी३एचटी (पॉलिमर) आणि पीसीबीएम (फुलरीन, म्हणजे कार्बनच्या पोकळ गोळ्यापासून बनलेला पदार्थ) यांच्या मिश्रणाच्या फिल्मच्या एएफएममध्ये उंचवटे दिसतात आणि तेच डोमेन (एकेका पदार्थाचे वेगळे झालेले भाग) म्हणून रिपोर्टमध्ये टाकायचे आहेत. कृपा करून टाकू नका. एएफएमची सुई फक्त पृष्ठभागावरून फिरते, खालच्या शंभरेक नॅनोमीटरचा तिला पत्ता नसतो. त्यातून या फिल्ममध्ये हवेकडच्या अगदी वरच्या थरात पॉलिमर जास्त जमतो, म्हणजे वरून जे दिसतं ते आतलं धरता येत नाही.

आणि सेल चालतो तो आतल्या रचनेवर. प्रकाशाने तयार झालेला एक्सायटॉन (इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा यांची जोडी) साधारण १० नॅनोमीटर सरकतो आणि विझतो. तेवढ्यात त्याला दोन पदार्थांची सीमा गाठता आली पाहिजे, कारण तिथेच ही जोडी फुटून वीज मिळते.

ही आतली रचना बघायला टीईएम करा, म्हणजे फिल्ममधून आरपार इलेक्ट्रॉन सोडणारा सूक्ष्मदर्शक वापरा. फिल्म काचेवरच्या पेडॉट-पीएसएसच्या (पाण्यात विरघळणाऱ्या वाहक पॉलिमरच्या) थरावर स्पिन कोट करा, म्हणजे काच गरगर फिरवून द्रावण पसरवा, ब्लेडने दोन-तीन मिलिमीटरचे चौकोन आखा आणि काच तिरकी धरून हळूहळू डिस्टिल्ड वॉटरमध्ये उतरवा. पेडॉट-पीएसएस विरघळतो आणि जांभळट पापुद्रा सुटून पाण्यावर तरंगतो. तांब्याची ग्रिड (नमुना ठेवायची बारीक जाळी) चिमट्याने त्याच्याखाली नेऊन अलगद वर उचला. पेडॉट-पीएसएस हवेतलं पाणी ओढतो. आपल्याकडच्या जुलैच्या पावसात काचा डेसिकेटरमधून (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यातून) लागतील तेव्हाच बाहेर काढा.

आता खरी मेख. दोन्ही पदार्थ मुख्यतः कार्बनचेच, त्यामुळे कॉन्ट्रास्ट फिका येतो. पीसीबीएमची घनता सुमारे १.५ आणि पी३एचटीची १.१, म्हणून ब्राइट फील्डमध्ये (टीईएमच्या नेहमीच्या इमेजमध्ये) पीसीबीएम जरा गडद दिसतो, एवढाच काय तो फरक. तो वाढवायला लोक डीफोकस करतात, म्हणजे फोकस मुद्दाम थोडा हलवतात, आणि तिथेच फसतात. जास्त डीफोकसला एकसंध फिल्मसुद्धा दाणेदार दिसते! एकाच जागेच्या तीन-चार वेगवेगळ्या डीफोकसच्या इमेज घ्या. दाण्यांचा आकार डीफोकसबरोबर बदलत गेला तर ती लेन्सची करामत आहे, फिल्मची नव्हे.

टीईएमच्या ऑपरेटरला एनर्जी फिल्टर (ठरावीक ऊर्जा गमावलेले इलेक्ट्रॉनच निवडणारं उपकरण) आहे का हे आधीच विचारा. प्लाझमॉन शिखर, म्हणजे पदार्थात इलेक्ट्रॉन सर्वांत जास्त गमावतात ती ऊर्जा, पी३एचटीचं २३ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास, पीसीबीएमचं २६ च्या. म्हणून १९ आणि ३० इलेक्ट्रॉन व्होल्टला घेतलेल्या इमेजमध्ये काळं-पांढरं उलटतं, आणि हा पुरावा कितीतरी भक्कम. सल्फर फक्त पी३एचटीत असल्याने त्याचा मॅपही चालतो. पीएम६-वाय६ (पॉलिमर पीएम६ आणि फुलरीन नसलेला वाय६) हे मिश्रण घेतलंत तर मात्र सल्फर दोन्हीकडे असतो, तिथे नायट्रोजन शोधावा लागतो, तो वाय६ मध्येच आहे.

इलेक्ट्रॉनच्या बीमने फिल्म खराब होते. फोकस शेजारच्या जागेवर करा, मग हव्या त्या जागेवर सरका. डिफ्रॅक्शनमधलं ०.३८ नॅनोमीटरचं वलय (पी३एचटीच्या साखळ्या नीट रचलेल्या असल्याची खूण) पुसट झालं की ती जागा गेली समजा.

टीईएमची इमेज म्हणजे अख्ख्या जाडीची एकावर एक पडलेली सावली. इलेक्ट्रोडपर्यंत सलग वाट आहे का, हे त्यातून कळत नाही. त्याला टोमोग्राफी लागते, म्हणजे फिल्म वेगवेगळ्या कोनांत तिरकी करून घेतलेल्या इमेजमधून त्रिमितीय चित्र बनवणं. नेदरलँड्समधल्या आयंडहोवेनच्या गटाने २००९ साली ती याच मिश्रणावर करून दाखवली. तुमच्या प्रोजेक्टला एवढ्याची गरज नाही.

आधी शिवाजी विद्यापीठात चौकशी करा, फिल्टर नसेल तर पवईच्या आयआयटीतल्या सैफला (बाहेरच्यांनाही उपकरणं वापरू देणाऱ्या केंद्राला) विचारा. ग्रिड बनवाल त्याच दिवशी, त्याच द्रावणातून सेलही बनवा आणि त्याची एफिशियन्सी मोजून ठेवा, म्हणजे इमेज कशाशी ताडायची हा प्रश्न उरणार नाही.