थोरल्याची सही नसली तरी अर्ज होतो

(कराडच्या एका ताईंचं पत्र आहे. धाकटा भाऊ ३६ वर्षांचा, बौद्धिक अक्षमता असलेला, २२ वर्षं सांगली जिल्ह्यातल्या एका निवासी संस्थेत. वडील जिल्हा परिषदेत शिक्षक होते. ते गेले, मग आईही गेली. ताईंना त्याला घरी आणायचंय. अधीक्षक म्हणतात, "कोर्टाची ऑर्डर आणा." खटावला जमीन कसणारा थोरला भाऊ पालकत्वाच्या अर्जावर सही देत नाही, वर "लग्न झालेल्या बहिणीचा काय संबंध?" असं विचारतो. अर्ज पाच वर्षं कपाटात पडून आहे.)

ताई,

आईवडिलांच्या मागे मुलाचं कसं, हे विचारणारी पत्रं सतत येतात आणि बहुतेकांना थेट कोर्टात जायचं असतं. तुम्हाला आज तरी कोर्ट नको. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ च्या कलम १४ खाली बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ माणसाचा पालक स्थानिक स्तर समिती नेमते. तिच्यावर जिल्हाधिकारी असतात. अधीक्षक कदाचित मानसिक आरोग्य कायदा पुढे करतील. २०१७ च्या त्या कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येतून ही अवस्था वगळलेली आहे, एवढं त्यांना शांतपणे सांगा.

मुलगा १८ वर्षांचा झाला की आईवडीलसुद्धा आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. म्हणजे तुमच्या भावाला १८ वर्षं कागदोपत्री कुणीच पालक नव्हता, तरी संस्थेचं बिनबोभाट चाललं. घरी न्यायचा विषय निघाला तेव्हा कागद आठवला!

आता मुद्द्याचं. अर्जाच्या नियमांत लिहिलंय की आईवडील दोघेही नसतील तर भावंडांनी एकत्र किंवा एकट्याने अर्ज करावा, आणि एकट्याने केला तर त्याची कारणं वेगळी द्यावीत. पुन्हा वाचा. दुसऱ्या भावंडाची सही मागितलेली नाही, कारण मागितलंय. सावत्र भावंडंही त्यात धरली आहेत, आणि लग्न झालेल्या बहिणीला वगळणारा एक शब्द तिथे नाही. ज्या सहीसाठी तुम्ही पाच वर्षं घालवलीत, ती लागतच नव्हती. अर्जाचा कागद कुणाला तरी दाखवायचा होता, ताई.

थोरल्याला आता एकच पत्र स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा: 'मी अमुक तारखेला अर्ज करतेय, सही करायची असेल तर पंधरा दिवसांत कर.' पंधरा दिवसांनी ती पावती, त्याचं उत्तर आलं तर तेही, आणि एक पान जोडा. त्या पानावर गेल्या पाच वर्षांत सही कधी मागितली आणि तो काय म्हणाला, एवढंच. त्याच्या स्वभावाचं वर्णन नको.

तुम्ही पाठवलेल्या प्रतीत पालकत्व कशासाठी हवं, या रकान्यात पहिलेच शब्द 'वडिलोपार्जित जमिनीची देखभाल' असे आहेत. ते काढा. समितीने दोनच गोष्टी बघायच्या असतात: या माणसाला पालकाची गरज आहे का, आणि कशासाठी. जमीन पहिली दिसली की समितीला भाऊबंदकीचा वास येतो. सांभाळ, औषधोपचार, बँकेचं खातं, निवृत्तिवेतन असं लिहा. निवृत्तिवेतनाबद्दल: कमावू न शकणाऱ्या अशा अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. वडिलांची सेवा कागदपत्रं पाहिल्याशिवाय मी छातीठोक सांगणार नाही, पण पंचायत समितीच्या शिक्षण विभागात लेखी विचारा.

अर्ज कुठे, यावर टोलवाटोलवी होऊ शकते. भाऊ आज राहतो सांगली जिल्ह्यात, म्हणून मी सांगलीपासून सुरुवात करेन. 'साताऱ्याला जा' म्हणाले तर तसं लेखी मागा. समितीची बैठक कधी लागेल याचा भरवसा देत नाही. साहेब कधी निवडणुकीत, कधी पुरात. अर्जाच्या तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नका, आणि महिनाभराने स्मरणपत्र द्या. अपंगत्वाचं प्रमाणपत्र जुनं असेल तर यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) आत्ताच अर्ज करा. त्यातही वेळ जातो.

जमिनीचं. वडील गेल्यावर तुम्ही वडूजला हक्कसोडपत्रावर सही केलीत आणि धाकट्याचं नाव सातबाऱ्यावर आहे की नाही हे विचारलंही नाहीत. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २८ नुसार व्यंगामुळे कुणाचाही वारसा बुडत नाही. तुम्ही तुमचा हिस्सा सोडलात, त्याचा सोडणं तुमच्या हातात नव्हतं. त्याचा अंगठा घेतला असेल तर ते प्रकरण वेगळं आणि जास्त गंभीर. फेरफाराची नक्कल काढा, मग बोलू. पण पालकत्वाच्या अर्जात हे घुसडू नका. समिती जमिनीचं वाटप करत नाही.

पालकत्वाचा दाखला येईपर्यंत भावाला घरी आणायचं थांबायचं का? दिव्यांग हक्क कायदा, २०१६ चं कलम ५ सांगतं की दिव्यांग माणसाला समाजात राहण्याचा हक्क आहे; संस्थेतच राहायची सक्ती होऊ नये, हे सरकारने बघायचंय. तेव्हा दिवाळीला आठ दिवस घरी नेण्याची परवानगी अधीक्षकांकडे लेखी मागा. नकार दिला तर कारण लेखी मागा. असं पत्र आलं की बहुतेक संस्था नरमतात. नाहीच ऐकलं तर आता उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला आहे, मुंबईपर्यंत जावं लागणार नाही.

त्या आठ दिवसांत त्याला विचाराही. पत्रात तुमचं मत आहे, थोरल्याचं आहे, अधीक्षकांचं आहे. २२ वर्षं एकाच खोलीत, त्याच मित्रांबरोबर काढलेल्या माणसाचं मत कुठेच नाही. तुम्ही दिवसा नोकरीला जाता, तेव्हा त्याच्याजवळ कोण असेल हेही समिती विचारेल. उत्तर तयार ठेवा.

पालक म्हणून नेमणूक झाली की सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची आणि देण्याघेण्याची यादी समितीला द्यायची असते, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. ही तारीख मात्र कपाटात ठेवू नका. चुकलात तर तुम्हाला काढायचा अर्ज थोरला स्वतः करेल, आणि त्यावर सही करायला त्याला पाच वर्षं लागणार नाहीत.